पहाऱ्यावरचा मोकळा माणूस

१

नातू झाला हे जावयाला सांगायला सिबिला टोप्फर घरातून निघाली, तेव्हा तिच्या हातात बिअरच्या सूपाचं झाकलेलं मडकं होतं आणि जिभेवर दोन-चार शिव्या तयार होत्या. रात्रभर पोरगी मरणाच्या दारात कण्हत होती, सुईणीनेसुद्धा दोनदा हात टेकले होते, आणि बाप म्हणवणारा तो शिंप्याचा पोरगा पाणदरवाज्यावर बंदूक धरून उभा. पहारा होता, मान्य. पण सासूच्या पोटातला राग कुठेतरी सांडावाच लागतो.

घरापासून पाणदरवाजा पन्नास पावलं. फेब्रुवारीतलं ओडर नदीचं धुकं असं दाट की स्वतःचं नाक चाचपून पाहावं. भिंतीला टेकून पहारेकऱ्याचं लाकडी खोपटं होतं आणि खोपट्यात तो दिसला. अंगात पहाऱ्याचा जाड कोट, कॉलर कानापर्यंत वर, टोपी नाकापर्यंत खाली, बंदूक काखेत. हा कोट कुणा एकाचा नसतो. खोपट्यातल्या खिळ्याला तो टांगलेला असतो. जो उभा राहील त्याने चढवायचा आणि दोन तासांनी पुढच्याला द्यायचा. दहा जणांचा घाम आणि दहा जणांच्या उवा त्यात सुखाने नांदतात.

"ए सुईदोऱ्या," सिबिला म्हणाली, "झोपलास का? पहाऱ्यावर झोपणाऱ्याचं काय होतं ठाऊक आहे ना? ऊठ. तुझ्या लायकीपेक्षा बरं पोर झालंय तुला."

उत्तर नाही. तिने पाय पुढे टाकला तर तो फडक्यात गुंडाळलेल्या कसल्याशा टणक वस्तूला ठेचाळला. तोल सावरायला तिने कोटाची बाही धरली. माणूस बाहीबरोबर हळूच पुढे आला, जसा रिकामा सदरा खुंटीवरून येतो. टोपी पडली.

तो तिचा जावई योब्स्ट नव्हता. तो वेंडेल राम्श होता. नऊ वर्षं तिच्याच घरी बिऱ्हाडाला असलेला, तिच्याच ताटात जेवणारा कंपनीचा गेफ्रायटर, म्हणजे पहारेकऱ्यांना जागेवर नेऊन उभं करणारा जुना शिपाई. मागून डोकं फुटलेलं होतं आणि रक्त गोठून कॉलरला चिकटलं होतं.

मडकं कधी पडलं ते तिला कळलं नाही. घड्याळाच्या मनोऱ्यावर आठचे ठोके पडले आणि धुक्यातून बुटांचा आवाज आला. बदली येत होती. पुढे कॉर्पोरल हाम्ब्रोक, मागे दोन शिपाई.

हाम्ब्रोक थबकला. "मावशी, तुम्ही इथे?"

सिबिलाच्या तोंडून जे निघालं ते तिने विचार करून बोललेलं नव्हतं. पण ती जन्मात कधी विचार करून बोलली नव्हती, आणि तरीही गल्लीत तिचा शब्द दगडावरच्या रेघेसारखा चालत असे.

"वेंडेल पहाऱ्यावर उभा राहिलेला नाही," ती म्हणाली. "तो गेफ्रायटर आहे. गेफ्रायटर कोटाला हात लावत नाही. मेल्यावर कुणीतरी त्याला यात घातलंय."

हाम्ब्रोकने एकदा प्रेताकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग मागे वळून ओरडला, "ऐकलंत ना रे? इथे योब्स्ट किनास्ट उभा होता. योब्स्ट कुठे आहे? पळाला. जा, तोफ उडवायला सांगा."

२

तोफ उडवायची गरज पडली नाही. योब्स्ट स्वतःच धुक्यातून धावत आला, बिनबंदुकीचा, डोक्यावर टोपी नाही, केसांत गवताच्या काड्या. दोघा शिपायांनी त्याला धरलं. तो पाणदरवाज्याकडे धावत येत होता की पाणदरवाज्यातून निसटायला धावत होता, हे ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे ठरवलं.

तासाभरात कॅप्टन फॉन ड्राहाइम ठाण्यात येऊन बसला. पायाला संधिवात, बोलणं कोरडं, माणूस वाकडा नाही. राजाचं सात वर्षांचं युद्ध संपून दहा वर्षं झाली होती. त्यात निम्मी कंपनी पुरून उरलेली निम्मी तो घेऊन आला होता.

"सांग," तो म्हणाला.

योब्स्ट चाचरत बोलला. "साहेब, सहाला वेंडेलकाकांनीच मला उभं केलं. मग थोड्या वेळाने ते परत आले. म्हणाले, तुझी बायको अडली आहे, जा. मी म्हटलं, पहारा? ते म्हणाले, कोट दे, बंदूक दे, मी उभा राहतो. बाळ रडलं की परत ये."

"आणि तू घरी गेलास."

"घरी म्हणजे... शेळ्यांच्या गोठ्यात."

कॅप्टनने भुवई वर केली.

"सासूबाई आत होत्या," योब्स्ट म्हणाला. "भीती वाटली. भिंतीपलीकडून उर्सेलचा आवाज ऐकत उभा राहिलो. बाळ रडलं, पण नंतर सासूबाई सुईणीवर ओरडल्या की रक्त थांबत नाही. मग पाय हलेना. थांबलं असं कानावर आलं तेव्हा पळत आलो."

"कुणी पाहिलं?"

"शेळ्यांनी," हाम्ब्रोक म्हणाला. दोन शिपाई हसले आणि कॅप्टनने पाहताच गप्प झाले.

कॅप्टन पुढे वाकला. "नीट ऐक. पहारेकऱ्याला जागेवरून हलवण्याचा हक्क त्याला उभं करणाऱ्याला, म्हणजे गेफ्रायटरला असतो, नाहीतर त्याच्या वरच्याला. वेंडेलने तुला खरंच सोडलं असेल, तर तुझ्यावर बोट ठेवता येत नाही. सोडलं नसेल, तर तू पहारा टाकलास, बंदूक टाकलीस आणि अडवायला आलेला माणूस मारलास. तिन्हींना दोर एकच लागतो." मग तो सिबिलाकडे वळला. "बाई, तुमचा नवरा गेफ्रायटर होता. वेंडेल तुमच्या घरात राहायचा. असा माणूस दुसऱ्याच्या जागी उभा राहील?"

या गावात हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारायचाच नसतो. गल्लीतल्या पोरांना सिबिलाने शंभरदा सांगितलं होतं. गेफ्रायटर म्हणजे मोकळा केलेला. जुन्या काळी, लांब भाले घेऊन भाडोत्री फौजा गावोगाव फिरायच्या तेव्हा, कंपनीतले भरवशाचे, मुरलेले लोक निवडून त्यांना पहाऱ्यातून मोकळं करायचे. त्यांनी थंडीत ताटकळायचं नाही. दुसऱ्यांना जागेवर नेऊन उभं करायचं, बदलायचं, कैदी सांभाळायचे. फौजेतून सुटका नाही, गोळीतून नाही, कॉर्पोरलच्या काठीतूनही जेमतेमच. सुटका एकच, त्या दोन तासांच्या उभं राहण्यातून. तिच्या बार्टेलने अकरा हिवाळे बर्फात काढल्यावर त्याला ती मिळाली होती, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याने पहाऱ्याच्या कोटाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. एकदा वाऱ्याने तो कोट रस्त्यावर पडला तर बार्टेल वळसा घालून गेला होता. वेंडेलही तसाच. किंबहुना जास्तच.

"नाही," सिबिला म्हणाली. "उभा राहणार नाही."

योब्स्टने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. तेच वाईट होतं.

"मग परवा सकाळी जबान्या कागदावर घेऊ," कॅप्टन म्हणाला आणि उठला.

३

घरी उर्सेल पांढरीफटक पडली होती, पोर तिच्या कुशीत. सिबिलाने काही सांगितलं नाही. बाळंतिणीला सांगायच्या गोष्टी असतात आणि गिळायच्या असतात.

"आई, पाय गार पडलेत," उर्सेल म्हणाली. "वीट दे ना."

चुलीच्या कोनाड्यात नेहमी दोन विटा तापत असायच्या. सिबिलाने हात घातला. एकच होती.

"दुसरी वीट कुठे गेली?" तिने सुईणीला विचारलं.

सुईण पोराचे कपडे वाळत घालत होती. "मला काय विचारता? पहाटे तो तुमचा म्हातारा बिऱ्हाडकरू आला होता ना स्वयंपाकघरात. तुम्हीच त्याला हाकललंत. पुरुषांचं इथे काय काम म्हणालात."

खरं होतं. सहा वाजून गेले होते. वेंडेल दारात उभा राहिला, टोपी हातात, आणि आतला आवाज ऐकून त्याने विचारलं होतं, "बरं आहे ना? योब्स्टला कळवू का?" आणि ती म्हणाली होती, "तो पहाऱ्यावर आहे तेच बरं आहे. तुम्हीही फुटा." मग ती आत गेली. तो केव्हा गेला ते तिने पाहिलं नाही.

"जाताना काहीतरी फडक्यात गुंडाळत होता खरा," सुईण म्हणाली. "मला वाटलं भाकरीचा तुकडा असेल."

सिबिला चुलीसमोर खाली बसली. सकाळी खोपट्यात तिच्या पायाला लागलं होतं ते काय होतं?

तापवलेली वीट माणूस एकाच कामासाठी उचलतो. फिरणाऱ्याला वीट लागत नाही. चालणाऱ्याचे पाय गरम राहतात. वीट लागते ती एका जागी उभ्या राहणाऱ्याला. अकरा हिवाळे बार्टेल पायाखाली तीच घेऊन गेला होता, आणि मोकळा झाला त्या दिवशी त्याने ती चुलीवर परत ठेवली होती.

मग तिने शाल घेतली. ती चुकली असेल, तर तिने आपल्या तोंडाने जावयाच्या गळ्यात दोर घातला होता.

४

खोपट्यात टिल्मान उभा होता, सकाळी बदलीबरोबर आलेला लांबोळका शिपाई. दहाला त्याची पाळी संपायची होती. पहारेकऱ्याशी बोलायची मनाई असते, म्हणून सिबिला नदीकडे तोंड करून उभी राहिली आणि तोही नदीकडे पाहत राहिला.

"पायाखाली काय आहे रे?"

"वीट आहे मावशी. कुणीतरी टाकलेली. गार झालीय, पण चिखलापेक्षा बरी."

"फडकं?"

"निळं आहे. पट्ट्यापट्ट्यांचं."

तिच्या जुन्या एप्रनचं होतं ते. "हलवू नकोस. आणि मला सांग, सकाळी तुम्हाला ठाण्यातून कुणी बाहेर काढलं?"

"कॉर्पोरलसाहेबांनी."

"रोज तर वेंडेल न्यायचा."

"रोज तेच. आज कॉर्पोरलसाहेब आले, म्हणाले चला."

"वेंडेल कुठे आहे म्हणून विचारलं नाही त्यांनी? हाक तरी मारली?"

टिल्मानने विचार केला. विचार करायला त्याला वेळ लागायचा, पण जे सापडायचं ते खरं असायचं. "नाही. आम्हीच इकडे तिकडे पाहत होतो, वेंडेलकाका कुठे म्हणून. ते म्हणाले, चला, चला, उशीर होतोय. उशीर झाला नव्हता."

ठाण्यातला माणूस पाव तास दिसला नाही तर इथे काय होतं, ते गावातली कुत्रीसुद्धा जाणतात. तोफ वाजते. गावकऱ्यांनी काठ्या घेऊन नदीकाठ धरायचा असतो. पळालेल्याला कुणी झाकलं तर झाकणाऱ्याची पाठही तितकीच सोलली जाते.

"आणखी एक," ती म्हणाली. "हा कॉर्पोरल माणूस कसा आहे?"

"मारतो खूप. पण या जागेवर माया करतो."

"माया?"

"धुकं असलं की कधी कधी येतो आणि म्हणतो, जा, ठाण्यात जाऊन हात शेकून ये, तोवर मी बघतो. मला दोनदा म्हणाला. योब्स्टलाही. दुसऱ्या कुठल्या जागेवर नाही, इथेच."

"सव्वीस वर्षं माझ्या नवऱ्याने नोकरी केली," सिबिला म्हणाली. "हात शेकून ये म्हणणारा कॉर्पोरल मी अजून ऐकलेला नाही. शेजारी काय आहे रे, त्या कुलपाच्या दारामागे?"

टिल्मानने मान न वळवता सांगितलं. "दारूगोळ्याचं कोठार."

मागे ओल्या फरशीवर कुणाचेतरी बूट वाजले.

५

"पहारेकऱ्याशी बोलू नये, मावशी," हाम्ब्रोक म्हणाला. आवाज मऊ होता. त्याने तिचा दंड धरला नाही, नुसता हात पुढे केला, जशी वाट दाखवावी तसा. दोघं भिंतीच्या कडेने चालू लागली.

"मुलगा झाला म्हणे. बरं झालं. उर्सेल तरुण आहे, दुसरा नवरा मिळेल. तो शिंपी तुम्हाला कुठे आवडायचा? तुम्हीच म्हणायचात, गेफ्रायटर होशील तेव्हा माझ्या टेबलाशी बस."

"म्हणायचे."

"वेंडेलची मात्र मला हळहळ आहे. जुना माणूस. कॅप्टनसाहेबांनी ठरवलंय, गेफ्रायटरच्या मानाने पुरायचं. ढोल, सगळी कंपनी, तीन फैरी. आता समजा, कुणी म्हणालं की तो आपणहून त्या पोराच्या जागी उभा राहिला. हुकुमाशिवाय. मोकळा माणूस पहाऱ्यावर उभा राहिला तर तो मोकळा राहत नाही, मावशी. नियम तुम्हाला मी काय सांगावा. पद जातं. ढोल नाही, फैरी नाहीत, भिंतीबाहेरचा खड्डा. बावीस वर्षांची चाकरी, आणि नावापुढे काय लिहायचं? साधा शिपाई, नियम मोडून मेला."

सिबिला चालत राहिली.

"तुम्ही सकाळी खरं तेच बोललात," तो म्हणाला. "तेच बोला. वेंडेलला तुमच्याबद्दल किती आदर होता, आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

आदर. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी वेंडेलने दाढी करून, बटणं घासून तिला विचारलं होतं, की आता एकाच घरात दोन बिऱ्हाडं कशाला. ती हसली होती. म्हणाली होती, एका गेफ्रायटरची विधवा झाले तेवढं पुरे. तोही हसला होता. नंतर त्याने तो विषय काढला नाही आणि लाकडं फोडायचंही थांबवलं नाही.

"विचार करते," सिबिला म्हणाली.

त्या दिवशी तिने चूल सारवली, उर्सेलला दूध पाजलं, पोराला आंघोळ घातली. एका पारड्यात जिवंत जावई, ज्याला ती सुईदोऱ्या म्हणायची. दुसऱ्या पारड्यात मेलेला वेंडेल, आणि त्याच्यापाशी बावीस वर्षांत कमावलेला तो एकच शब्द. ती जे बोलेल त्याने दोघांपैकी एक लुटला जाणार होता.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात कॅप्टन, लिहिणारा कारकून, हाम्ब्रोक, बेड्यांतला योब्स्ट आणि भिंतीशी टिल्मान. सिबिलाने टेबलावर निळ्या पट्ट्यांच्या फडक्यातली वीट ठेवली.

"परवा मी चुकले, साहेब," ती म्हणाली.

कारकुनाची लेखणी थांबली. हे वाक्य गावाने तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"ही वीट माझ्या चुलीतली. वेंडेल परवा सहानंतर माझ्या स्वयंपाकघरात आला, पोरीचं कण्हणं ऐकलं आणि ही घेऊन गेला. सुईणीने पाहिलं. ती सापडली खोपट्यात, त्याच्या पायाखाली. मेलेल्याला कोट घालणारा माणूस त्याच्या पायाखाली माझी तापवलेली वीट कशाला ठेवील? उभं राहायला निघाला होता तो. योब्स्टला त्याने सोडलं. पोरगा खरं बोलतोय."

"मग त्याला मारलं कुणी?" कॅप्टन म्हणाला.

"ते मला कॉर्पोरलना विचारू द्या. काय हो कॉर्पोरल, बदली कोण नेतं?"

"गेफ्रायटर," हाम्ब्रोक म्हणाला.

"परवा तुम्ही आणलीत."

"वेंडेल दिसला नाही. शोधला, सापडला नाही, म्हणून मी गेलो."

"कुठे शोधला?"

"ठाण्यात. मागे. हाका मारल्या."

सिबिलाने टिल्मानकडे पाहिलं. टिल्मान घाम पुसत होता. कॅप्टन म्हणाला, "बोल रे."

"हाका नाही मारल्या, साहेब," टिल्मान म्हणाला. "नावसुद्धा घेतलं नाही."

"बरं, मारल्या असं धरू," सिबिला म्हणाली. "ठाण्यातला माणूस शोधून सापडत नाही, तर काय करतात? योब्स्ट जागेवर दिसला नाही तेव्हा कॉर्पोरलनी काय केलं, मी ऐकलं. पापणी लवायच्या आत तोफ मागितली. मग वेंडेल दिसला नाही तेव्हा का नाही मागितली? तोफ पळालेल्यासाठी असते, साहेब. वेंडेल पळालेला नाही, हे त्यांना प्रेत बघायच्या आधीच ठाऊक होतं. तो कुठे आहे हे ठाऊक होतं म्हणून शोधला नाही."

हाम्ब्रोक म्हणाला, "म्हातारा माणूस. मला वाटलं परसाकडे गेला असेल."

"आत्ता तर हाका मारत होतात," कॅप्टन शांतपणे म्हणाला.

"आणि धुक्याच्या दिवशी हे त्याच जागेवरच्या पोरांना हात शेकायला पाठवतात," सिबिला म्हणाली. "योब्स्ट, तुला?"

"तीनदा," योब्स्ट म्हणाला. "मला वाटलं दया."

"जिथे दया वाटते तिथे शेजारी कोठाराचं दार आहे आणि समोर नदी. मी अडाणी बाई, साहेब. पण कोठारातली दारूची पिंपं उघडून पाहायला अक्षरं यावी लागत नाहीत."

कॅप्टनने माणसं पाठवली. एका शिपायाने परत येऊन मूठ टेबलावर रिकामी केली. बंदुकीच्या दारूच्या जागी नदीची वाळू होती.

"मागच्या रांगेतली तीन पिंपं अशीच आहेत, साहेब."

हाम्ब्रोक खाली बसला, हुकूम नसताना.

"मी म्हटलं, जा रे, हात शेकून ये," तो म्हणाला. "कोटातून वेंडेलचा आवाज आला. म्हणाला, पिंप परत ठेव हाम्ब्रोक, मी काही पाहिलं नाही. आणि नदीकडे तोंड वळवलं. काही पाहिलं नाही म्हणे. मी काय दूधखुळा? गेफ्रायटर पहाऱ्याचा कोट घालून बसलाय तो कशाला? मला धरायलाच ना? दुसऱ्या कशासाठी तो कोट चढवेल?"

सिबिला त्याच्याजवळ गेली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"तो खरंच बोलला नसता, मेल्या. तुझं नाव घ्यायचं तर आधी सांगावं लागलं असतं की मी कुठे उभा होतो. ते त्याने देवापुढेही सांगितलं नसतं. तू वाचलाच होतास. तुला वाटलं, मोकळा माणूस दुसऱ्यासाठी उभा राहत नाही. मलाही तेच वाटलं. एवढं सोपं होतं, आणि आपण दोघंही वेंडेलला ओळखतो म्हणून फिरत होतो."

हाम्ब्रोकला नेलं. योब्स्टच्या बेड्या काढल्या. कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि सही येत नसेल तर फुली चालेल म्हणाला.

कॅप्टनने कागदावर हात ठेवला. "बाई, याच्यावर फुली केलीत की राम्शचं पद जाईल. नियम माझा नाही, पण चालवावा मला लागतो. हुकुमाशिवाय उभा राहिला, हे तुम्हीच सिद्ध केलंत. कंपनी येणार नाही. फैरी नाहीत. तुम्ही त्याच्याकडून काय काढून घेताय, कळतंय ना?"

"मी नाही काढून घेत, साहेब," सिबिला म्हणाली. "ते त्याने स्वतःच्या हाताने परवा सकाळी उतरवून ठेवलं. मी फक्त कुठे ठेवलं ते सांगितलं."

तिने फुली केली. लेखणी इतकी दाबली की कागद फाटला.

७

भिंतीबाहेरची जमीन गोठलेली होती. खड्डा खणायला दोन दिवस गेले. पाद्री आला नाही, कंपनीला मनाई होती. पेटी उचलायला चार माणसं लागतात आणि आली तीन. खड्डे खणणारा, योब्स्ट, आणि पाळी नसलेला टिल्मान, जो कुणी विचारलं तर चुकून इकडे आलो म्हणणार होता.

"मी कुणाला तरी बघून येतो," योब्स्ट म्हणाला.

"कुणाला बघतोस? उचल," सिबिला म्हणाली. तिने शाल कमरेला बांधली आणि चौथ्या कोपऱ्याखाली खांदा घातला.

"सासूबाई, जड आहे."

"मला सांगतोस?" ती म्हणाली. "नऊ वर्षं मीच खाऊ घातलंय त्याला."

आणि ती चालू लागली, तेव्हा बाकीच्या तिघांना तिच्या पावलाशी पाऊल जुळवावं लागलं.